रस कोणाचा, चोथा कोणाचा?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला बोलायला उभे केले आहे खरे, पण माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. सभेत बोलायची सवय नाही. तेव्हा माझ्या ओट्यावरचेच चार शब्द सांगते. चुकले तर सांभाळून घ्यावे.

गेल्या वर्षी आमच्या यांना मधुमेह निघाला. एका नातलगांनी सुचविले, रोज सकाळी रस द्या, साखर उतरते. मुलाने रस काढायचे यंत्र आणून दिले. झाले! रोज अर्धा किलो गाजरे आणि वर एक सफरचंद, की पेलाभर रस निघे. तो यांना. मागे राही तो चोथा. तो टाकवेना, गाजरे का फुकट येतात? मग मीठ लावून मी तो उभ्या उभ्याच खात असे. चार दिवसांत पोट असे फुगले की जेवण नकोसे झाले.

एकदा धाकटी मुलगी म्हणाली, "आई, बाबांना रस आणि तुला चोथा, असे का ग?" मी ते हसण्यावारी नेले. पण तीन महिन्यांनी यांचे रक्त तपासले, तो औषध चालू असूनही साखर वाढलेलीच. तेव्हा मात्र मी डॉक्टरीणबाईंपुढे रसाचे आणि चोथ्याचे, दोन्ही गाऱ्हाणी मांडली.

त्यांनी सांगितले ते असे. फळ चावून खाल्ले की त्यातली साखर हळूहळू रक्तात उतरते, कारण ती तंतूंच्या जाळ्यात असते. रस काढला की साखर पेल्यात जाते आणि बहुतेक तंतू चोथ्यात राहतात. शिवाय अर्धा किलो गाजरे कोणी एका बैठकीत चावून खात नाही. रस मात्र दोन मिनिटांत पोटात जातो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली फळांच्या रसातील साखर ही वरून घातलेल्या साखरेच्याच हिशेबात धरली आहे.

आता चोथ्याचे. शंभर ग्रॅम गाजरात सुमारे ३ ग्रॅम तंतू असतात. म्हणजे अर्ध्या किलोत १५ ग्रॅम. मोठ्या माणसाला दिवसाला निदान २५ ग्रॅम तंतू हवेत, असे त्याच संघटनेने २०२३ साली सांगितले. तेव्हा चोथा फेकणे म्हणजे निम्म्या दिवसाचे तंतू फेकणेच. हे तंतू पाणी धरून ठेवतात, त्याने मळ मऊ होतो व पोट साफ राहते. गाजराच्या चोथ्यात रंगाचे सत्त्वही थोडे उरते. ते अंगी लागायला तेलातुपाची जोड हवी. पण एकदम वाटीभर कोरडा चोथा खाल्ला आणि वर पाणी प्यायले नाही, तर माझ्यासारखी गत होते. दोन चमच्यांपासून सुरुवात करावी, पाणी भरपूर प्यावे. आतड्याचे दुखणे किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झालेली असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नये.

आपल्याकडे कोंड्याचा मांडा करणे म्हणतात, ते काही खोटे नाही. एक वाटी गाजराचा चोथा, दोन वाट्या भाजणी, कांदा, मिरची आणि तीळ घालून थालीपीठ लावावे, खमंग होते. बिटाचा चोथा उकडलेल्या बटाट्यात मळून टिक्क्या कराव्यात. आवळ्याचा चोथा मीठ-जिरे लावून उन्हात वाळविला की मुखशुद्धी होते. मात्र गाजरे आधी नीट धुवावीत, सफरचंदाच्या बिया काढाव्यात आणि चोथा त्याच दिवशी संपवावा. उन्हाळ्यात तो लवकर आंबतो. आणि दुधी कडू लागला तर रसही नको, चोथाही नको. कडू दुध्याच्या रसाने माणसे दगावली आहेत.

पण मैत्रिणींनो, सकाळच्या रसाची साखर रात्रीच्या थालीपिठाने मागे फिरत नाही. म्हणून मी आता यंत्र माळ्यावर टाकले आहे. गाजर किसून कोशिंबीर करते, सफरचंद सालासकट कापते आणि कणीक चाळून कोंडा टाकायचेही सोडले आहे. यांची साखर पुढच्या तपासणीत उतरली. औषध, फिरणे, पथ्य सगळेच सांभाळले, एकट्या गाजराचे हे श्रेय नव्हे.

शेवटी मुलीच्या प्रश्नाचे उत्तर. उरलेसुरले, करपलेले, शिळे आपणच खायचे, अशी आपल्याला सवय. चोथा चांगला आहे, म्हणून तोही आपल्याच ताटात नको. चांगला आहे, तर सर्वांच्या ताटात वाढा. रस निघेल तेव्हा तोही सर्वांनी घोट घोट घ्यावा, आणि मधुमेह असेल त्याला रोज देऊ नये. आमच्याकडे आता अख्खे फळच कापतो. चौघांना सारख्या फोडी येतात, आणि त्यातली एक माझी असते.