झोप आणि रात्रीचे भय
(विहाराच्या वर्षावास प्रवचनमालेत दिलेले भाषण)



विषय ऐकून काहींना हसू आले असेल. झोपेवर काय भाषण द्यायचे? भाषणात तर लोक झोपतातच! पण गेल्या वर्षी आमच्याच घरात या झोपेने आम्हाला मोठा धडा शिकवला. तो तुमच्यापुढे मांडावा, एवढाच हेतू.

आमची सून रात्री दोन-अडीचला दचकून उठायची. छाती धडधडायची, हातपाय गार पडायचे, श्वास पुरायचा नाही. "आई, मी आता वाचत नाही," असे म्हणायची. अर्ध्या तासात सारे शांत व्हायचे, पण पुन्हा तसेच होईल या धास्तीने पहाटेपर्यंत डोळ्याला डोळा लागायचा नाही. मग दुपारी तीन तास झोप, संध्याकाळी चहावर चहा, आणि रात्री नऊलाच अंथरुणावर पडून झोपेची वाट पाहणे. असे दोन महिने चालले.

शेजारची एक बाई म्हणाली, "बाहेरचं असन, एकदा दाखवून तं पाहा." आपण बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसे. पण खरे सांगतो, रात्री तीन वाजता घरात कुणी रडत असले की भलेभले डगमगतात. आमच्याही मनात एकदा तो विचार येऊन गेला. त्याची आज लाज वाटते.

शेवटी डॉक्टरांकडे गेलो. ईसीजी झाला, रक्त आणि थायरॉईड तपासले. सगळे ठीक निघाले. डॉक्टरांनी समजावले की हा घबराटीचा झटका आहे. बोरच्या जंगलात वाघ समोर आला तर आपले शरीर काय करील? काळीज धडधडेल, श्वास वाढेल, घाम फुटेल, म्हणजे पळता यावे. या झटक्यात वाघ नसतानाच शरीर ती घंटा वाजवते. साधारण दहा मिनिटांत झटका चढतो आणि मग उतरतो. त्याने जीव जात नाही. अपुऱ्या झोपेने ही घंटा आणखी हळवी होते, आणि घंटेच्या भीतीने झोप उडते. असे हे चक्र आहे.

हे ऐकताना आम्हाला मज्झिम निकायातील भयभेरव सुत्त आठवले. संबोधीपूर्वी गौतम रात्री अरण्यात राहत. मोराने काटकी पाडली, वाऱ्याने पाने सळसळली, की भय यायचे. त्यांनी काय केले? चालताना भय आले तर चालतच राहिले, बसलेले असताना आले तर बसूनच राहिले. भय ओसरेपर्यंत जागा बदलली नाही. भय येते आणि जाते, हे त्यांनी स्वतः पाहिले.

सुनेनेही तेच केले. झटका आला की उठून भिंतीला टेकून बसायची, श्वास सावकाश सोडायची आणि मनात म्हणायची, "ही घंटा आहे, वाघ नाही." आम्हीही धावपळ, रडारड बंद केली. घरातल्यांची घाबरगुंडी झटक्याला खतपाणी घालते.

दुसरी गोष्ट झोपेची. झोप ओढून आणता येत नाही, उठण्याची वेळ मात्र आपल्या हातात आहे. रात्र कशीही गेली तरी सून पहाटे साडेपाचला उठू लागली. दुपारची झोप बंद. दुपारनंतर चहा बंद, कारण संध्याकाळी सहाच्या चहाचा निम्मा अंमल रात्री अकरापर्यंत शरीरात राहतो. डोळे जड झाल्याशिवाय अंथरुणावर जायचे नाही. वीस मिनिटांत झोप लागली नाही तर उठून मंद उजेडात बसायचे, घड्याळ पाहायचे नाही. मोबाईल दुसऱ्या खोलीत. पहिले दहा-बारा दिवस फार जड गेले, दिवसभर पेंग यायची. मग हळूहळू झोप सलग होऊ लागली. झटके पूर्ण गेले असे नाही, पण आता महिना-महिना येत नाहीत.

आपल्या वस्तीत आणखी दोन शत्रू आहेत. एक खर्रा. त्यातली तंबाखू मेंदूला जागे ठेवते. दुसरी दारू. आपला जिल्हा दारूबंदीचा, तरी ती कुठे मिळते हे सर्वांना ठाऊक आहे! दारूने डोळा लवकर लागतो, पण मध्यरात्री नशा उतरली की झोप मोडते आणि घबराट दुप्पट होते. पाचवे शील झोपेच्याही कामाचे आहे.

आता कुणी म्हणेल, रात्रपाळीच्या विजेवर हरभऱ्याला पाणी द्यायला जातो, त्याने साडेपाचचा नियम कसा पाळावा? रास्त आहे. त्याने सकाळी खोली अंधारी करून झोपावे आणि घरच्यांनी ती झोप मोडू नये. आणि ज्याला कर्जाची चिंता झोपू देत नाही, त्याला नुसते नियम सांगणे ही थट्टा ठरेल. त्याच्याजवळ बसले पाहिजे. जगणे नको वाटते असे कुणी बोलला तर त्याला एकटे सोडू नका.

मदत जवळ आहे. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. 2022 साली सुरू झालेली टेलिमानस सेवा 14416 या क्रमांकावर रात्रीसुद्धा विनामूल्य मिळते, मराठीत बोलता येते. मात्र छातीत दाब, दुखणे हातात किंवा जबड्यात जाणे असे पहिल्यांदाच झाले, तर घबराट समजून बसू नका, 108 ला फोन करा. झोपेच्या गोळ्या मनाने घेऊ नका, चालू असलेल्या एकदम सोडूही नका.

सुनेच्या परवानगीनेच हे सांगितले. ती म्हणाली, "सांगा, कुणीतरी दुसरी अशीच रात्री एकटी बसली असेल." तसे कुणी असेल तर आमचे दार ठोठवा, रात्रीसुद्धा.