तंबूतंबूत फिरलेली मुझून



आज सिरियातल्या एका मुलीविषयी बोलू या. तिचं नाव मुझून अलमेलेहान. तिचे वडील शिक्षक. २०११ साली त्यांच्या देशात युद्ध पेटलं आणि २०१३ मध्ये या कुटुंबाला घर सोडून शेजारच्या जॉर्डन देशात जावं लागलं. मुझून तेव्हा साधारण चौदा वर्षांची होती. निघताना तिनं सोबत घेतली ती शाळेची पुस्तकं.

तिथं झातारी नावाची निर्वासितांची छावणी होती. त्या वर्षी तिथं लाखाहून जास्त माणसं राहत होती. छावणीत शाळा होती, पण कितीतरी मुली शाळेत जातच नव्हत्या. आईबाप म्हणायचे, परका मुलूख, अंगावर वाढलेली पोर. लग्न लावून दिलं म्हणजे तिला आधार मिळेल. त्यांची भीती काही खोटी नव्हती.

मुझून तंबूतंबूत जाऊ लागली. आधी मुलींशी बोलायची, मग त्यांच्या आईवडिलांशी. तिचं सांगणं साधं होतं : मुलीला खरा आधार शिक्षणाचाच. सगळ्यांनी ऐकलं असं नाही, पण काही मुलींनी लग्नाचा विचार सोडला आणि शाळेची वाट धरली. तिच्या हाती ना पद होतं, ना पैसा. पण ती त्यांच्यातलीच होती, त्यांच्यासारखीच तंबूत राहणारी. म्हणून तिचं म्हणणं लोकांच्या मनाला लागलं.

पुढं तिच्या कुटुंबाला इंग्लंडमध्ये आसरा मिळाला. २०१७ मध्ये, एकोणीसाव्या वर्षी, ती युनिसेफची सदिच्छादूत झाली. निर्वासित असताना हा मान मिळवणारी ती पहिलीच.

मैत्रिणींनो, आपल्याकडं युद्ध नाही. पण दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीला कोयते निघतात. वयात आलेली पोर कोपीवर न्यायची कशी आणि गावात एकटी ठेवायची कशी, हा घोर आईच्या जिवाला असतोच. त्यातूनच अठराच्या आत लग्नं उरकली जातात. नुसतं "कायदा मोडू नका" म्हणून हा घोर मिटत नाही. मुलीची सोय करावी लागते.

ती सोय आपण मागू शकतो. आईबाप तोडीला गेल्यावर मुलांना गावातच राहून शिकता यावं म्हणून हंगामी वसतिगृहाची योजना आहे. शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या महिला हव्यात, असं शिक्षणहक्क कायदा सांगतो. तेव्हा नुसती सही करून उठू नका. यंदा कोणत्या मुली मागं राहणार, त्यांच्या जेवणाचं आणि झोपण्याचं काय, हे कोयते निघायच्या आधी विचारा. कुठं बालविवाह ठरतोय असं कळलं तर १०९८ वर फोन करा. हा फोन फुकट लागतो.

बचत गटाच्या पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की आणखी एक काम करा. आपल्या वस्तीत शाळा सुटलेल्या मुली किती, ते मोजा. मग दोघी-दोघी मिळून त्यांच्या घरी जा. पहिल्या खेपेला दार उघडलं नाही, तर दुसऱ्यांदा जा. आपण तर शेजारच्याच आहोत.