पाणी प्यायचं, पण जायचं कुठं?

श्रोतेहो, भरपूर पाणी प्यावं हे सांगायला रेडिओवर कवी कशाला हवा, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. तसं पाण्यावर मी पुष्कळ लिहिलंय. आम्ही लातूरकडची माणसं, आमच्या कवितेत ढग आल्याशिवाय राहत नाही. पण घरातलं एक माणूस पाणी का पीत नाही, हे मला पंचेचाळिशी उलटल्यावर कळलं. तेही दवाखान्यातल्या बाकावर बसून.

साल 2016, महिना एप्रिल. मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून लातूरला पाणी येऊ लागलं, तेच दिवस. माझी थोरली बहीण, आमची आपा, खेड्यातल्या शाळेत शिक्षिका होती. एका रात्री तिच्या पाठीतून पोटाकडे अशी कळ निघाली की बसवेना, झोपवेना. सोनोग्राफीत मुतखडा निघाला. त्याआधीही वर्षातून तीन-चार वेळा तिला उन्हाळी लागायची. अम्मी धने-जिऱ्याचं पाणी करून द्यायची. बरं वाटलं की आपा पुन्हा सकाळची सहाची एसटी गाठायची.

डॉक्टरांनी विचारलं, "बाई, दिवसभरात पाणी किती पिता?"

मीच आगाऊपणे म्हणालो, "टंचाईच आहे ना, डॉक्टर."

आपा खाली बघत म्हणाली, "टंचाई यंदाची आहे. मी तीस वर्षं अशीच राहते. पाणी प्यायलं की जावं लागतं. जायचं कुठं?"

तिच्या शाळेत कित्येक वर्षं बायकांसाठी आडोसासुद्धा नव्हता. पुढे स्वच्छतागृह बांधलं, पण आत पाणी नाही म्हणून त्याला कुलूप. सकाळी अर्धा कप चहा घेऊन निघायचं आणि संध्याकाळी घरी आल्यावर घटाघटा तांब्या रिकामा करायचा, हा तिचा नेम. तिची बाटली भरलेलीच परत यायची. अम्मीला वाटायचं, पोरगी शाळेतून भरून आणते! रमजानचे रोजे एका महिन्याचे असतात, आपाचा पाण्याचा उपास शाळेच्या दर दिवशी होता. आणि मी? मी प्रत्येक स्टँडवर उतरणारा माणूस. मला कधी विचारावंसंही वाटलं नाही.

डॉक्टरांनी मग नीट समजावलं. आपल्या मूत्रपिंडांतून दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळला जातो. बहुतेक सगळा शरीर परत घेतं, दीड-दोन लिटर तेवढा बाहेर पडतो. पाणी कमी पडलं की लघवी दाट होते, तिच्यातले क्षार खड्यासारखे जमतात. शिवाय बायकांचा मूत्रमार्ग आखूड, त्यामुळे जंतू लवकर वर चढतात. लघवी वेळेवर आणि पुरेशी झाली तर ते धुऊन निघतात, अडवून धरली तर तिथंच वाढतात. याबाबत 2018 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वारंवार संसर्ग होणाऱ्या आणि कमी पाणी पिणाऱ्या 140 स्त्रिया त्यात होत्या. त्यांतल्या निम्म्या जणींना रोज दीड लिटर पाणी जादा प्यायला सांगितलं. वर्षभरात त्यांचा त्रास इतरजणींच्या जवळपास निम्म्यावर आला.

मग किती प्यावं? आठ ग्लासांचा हिशेब सगळ्यांना सारखा लागू पडत नाही. उन्हात खुरपणारी बाई आणि पंख्याखाली बसून यमक जुळवणारा मी, दोघांची गरज एक कशी असेल? लघवीचा रंग पाहावा, फिका पिवळसर असला की ठीक. ताक, वरण, चहासुद्धा हिशेबात धरावा. मुतखडा होऊन गेलेल्यांनी दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी होईल इतकं प्यावं. म्हाताऱ्या माणसांना तहान कमी लागते, त्यांना आठवणीनं द्यावं. मात्र हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टर सांगतील तेवढंच प्यावं. आणि एकदम लोटेच्या लोटे पिऊ नये, त्यानं रक्तातलं मीठ घटतं.

केरळातल्या शाळांत 2019 साली पाण्याची घंटा सुरू झाल्याचं वाचलं. घंटा वाजली की मुलांनी पाणी प्यायचं. मला फार आवडलं. आपाला सांगितलं, तर ती मास्तरणीच्या सुरात म्हणाली, "आधी संडासाचं कुलूप काढा म्हणावं, मग घंटा वाजवा."

आपा आता निवृत्त झाली आहे. खडा पडला, औषधं थांबली. घरी माठाजवळ तिचा वेगळा तांब्या असतो. दुपारपर्यंत एक संपवायचा, रात्रीपर्यंत दुसरा. प्रवासाला मात्र आम्ही दोघं मिळून जातो. स्टँड आलं की ती बाटली हातात धरून खिडकीशी बसते. मी उतरून आधी बघून येतो. दार उघडं असलं, आत पाणी असलं, तर खालूनच हात करतो. कुलूप असलं तर नुसती मान हलवतो आणि आपा बाटली परत पिशवीत ठेवते.