वाढीच्या वयातील अन्न आणि हाडांचे बळ



मी डॉक्टर नव्हे. कामगार चळवळीत आयुष्य गेले आणि वाचले ते कामाच्या गरजेपोटी. परंतु ज्याला मजुरी मागावयाची आहे, त्याने त्या मजुरीतून शरीरात काय जाते हेही समजून घेतले पाहिजे.

हाड म्हणजे निर्जीव दगड नव्हे. स्लॅब ओतताना आधी सळई बांधतात, मग काँक्रीट भरतात. हाडात प्रथिनांची जाळी ही सळई. तीत बसणारे कॅल्शियम आणि फॉस्फरस हे काँक्रीट. अन्नातले कॅल्शियम रक्तात नीट उतरावे म्हणून ड जीवनसत्त्व लागते. ते मुख्यतः उन्हातून मिळते. यांतील तूट फार झाली तर मूल मुडदुसाने वाकड्या पायांचे होते. पण त्याहून कितीतरी अधिक मुले अशी, की ज्यांचे पाय सरळ दिसतात. उंची मात्र खुंटते आणि हाडाची भरती अपुरी राहते.

ही भरती अठरा-वीस वर्षांपर्यंत सुमारे ९० टक्के पुरी होते. तिशीनंतर ठेव वाढत नाही, खर्च मात्र चालू राहतो. गर्भाच्या हाडांसाठी सुमारे ३० ग्रॅम कॅल्शियम आईकडून जाते, बहुतेक शेवटच्या तीन महिन्यांत. आईच सोळा-सतरा वर्षांची असली तर एका भाकरीवर दोन वाढत्या जिवांचा हक्क पडतो.

आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न पुस्तकी नाही. १९९२-९३ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला. २०१६ साली मोखाड्याचे नाव पुन्हा तसेच गाजले. मेलेल्या मुलांची मोजदाद होते, ती व्हावीच. पण जी जगली, ती पुढे कच्च्या हाडांनी पन्नास किलोची गोणी उचलतात. त्यांची मोजदाद कोण करतो?

वास्तविक उपाय दूर नाही. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. पॉलिशच्या तांदळात दहाच्याही आत. नाचणी डोंगरात पिकते, काट्यासकट खावयाची बारीक सुकी मासळी आपल्या किनाऱ्यावर वाळते. जोडीला डाळ, अंडे, दूध हवे. वाढ संपण्यापूर्वी पोषण सुधारले तर पुष्कळशी तूट भरून निघू शकते.

अडचण आहे ती अन्न मुलापर्यंत पोहोचण्याची. सरकारची अंगणवाडी योजना १९७५ पासून आहे. परंतु भातकापणी संपली की पाड्यावरची कुटुंबे वसई-भिवंडीकडील वीटभट्ट्यांवर जातात. मुलाचे नाव पाड्यावरच्या पटावर, मूल भट्टीवर! ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत बालवाडी सुरू केली. मुले येईनात, तेव्हा त्यांनी शाळाच पाड्याच्या अंगणात नेली. आज तेच भट्टीवर करावयाचे आहे.

१९२३ पासून आपला कायदा कामगाराच्या मोडलेल्या हाडाची भरपाई मोजत आला आहे. ते हाड बालपणी कच्चे का राहिले, हे त्या हिशेबात येत नाही. आपल्यापैकी कोणी घर बांधतो, कोणी विटांचा व्यापार करतो. विटांचा भाव ठरवताना एवढे विचारा: भट्टीवर मुलांच्या जेवणाची सोय आहे काय? मालकाला हा प्रश्न आमची युनियन विचारील. गिऱ्हाइकाने विचारला तर उत्तर लवकर मिळेल.