कागद कोणासाठी?



वसंत व्याख्यानमालेत साहित्य, संगीत, अध्यात्म अशा विषयांवर बोलण्याची वहिवाट आहे. त्या पंक्तीत आज आम्ही कचेरीतल्या कागदासाठी पाट मांडतो आहोत, हे पुष्कळांना चमत्कारिक वाटेल. पण कवितेवाचून ज्याचे अडले असा माणूस शोधावा लागतो. सरकारी कागदापायी ज्याचे कधीच अडले नाही असा माणूस मात्र शोधूनही सापडणार नाही. शिवाय या सभेत शिक्षक आहेत, बँकेतील कारकून आहेत, दवाखान्यातील परिचारिका आहेत, महसुलातली मंडळी आहेत. दिवसाकाठी चार ओळी दुसऱ्याकरिता लिहिल्यावाचून यांपैकी कोणाचीही नोकरी होत नाही. तेव्हा त्या चार ओळी कोणाकरिता व कशा लिहाव्यात, एवढाच आजचा विषय आहे.

आपल्या जिल्ह्याला परक्या कागदाची ओळख जुनी आहे. निजामी राजवटीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फारसीच्या जागी उर्दू आली आणि दरबाराचा कारभार त्या भाषेत चालू लागला. घरात मराठी आणि कचेरीत उर्दू, अशा स्थितीत सामान्य कुणब्याने हुकूम हाती घ्यावा आणि वाचणारा शोधीत हिंडावे, हे ओघानेच आले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी ती राजवट संपली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला. त्याच वर्षी भाषा संचालनालय स्थापन झाले. १९६४ साली राजभाषेचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९६५ पासून मराठी राज्याची राजभाषा झाली. कागदाची भाषा आपली झाली. आता कागद वाचून घेण्यासाठी दुसऱ्याच्या दारी जाण्याचे कारण उरू नये, असे कोणालाही वाटेल. तसे झाले काय?

येथे आम्ही आमचाच एक गुन्हा कबूल करतो. ऐन उमेदीत आम्ही याच जिल्ह्यातल्या एका कचेरीत लेखणी चालवीत होतो. कोणत्या, ते सांगण्याचे कारण नाही. एका फेरफाराच्या नोटिशीचा मसुदा आम्ही केला होता. "उपरोक्त विषयान्वये संबंधित हितसंबंधितांनी आपल्या हरकती विहित मुदतीत सादर कराव्यात, अन्यथा काहीएक हरकत नाही असे गृहीत धरण्यात येईल." साहेबांनी मान डोलावली. आम्हीही मनातल्या मनात आपली पाठ थोपटून घेतली. मुदत उलटून आठ दिवस झाल्यावर एक वृद्ध बाई कचेरीत आली. पदराच्या गाठीतून तिने तो कागद काढला. चार घड्या घातलेला, पण जपून ठेवलेला. म्हणाली, "सायब, कागुद म्या जपून ठिवलाय. पर कवा यायचं, ते त्यात कुठं हाय?"

आम्ही कागद पाहिला. खरेच, तारीख त्यात नव्हती. मुदत पंधरा दिवसांची होती. पण "विहित" या शब्दाच्या पोटात ती आम्ही गुप्त ठेवली होती. फेरफार मंजूर होऊन गेला होता. आता तिला प्रांतांकडे अपील करावे लागणार होते. म्हणजे वकील, खेटे आणि एस्. टी. चे भाडे. आमच्या नोटिशीत कायद्याच्या दृष्टीने कोणास बोट ठेवता आले नसते. बाईच्या दृष्टीने मात्र तो कोरा कागद होता.

त्या दिवशी आमच्या ध्यानात आले की, नोटीस आम्ही बाईसाठी लिहिलीच नव्हती. लिहिताना आमच्या डोळ्यांसमोर होते साहेब, लेखापरीक्षक, आणि उद्या प्रकरण कोर्टात गेलेच तर तिथला वकील. कागद खाली जायचा होता, पण तोंड करून बसला होता वर! भाषा उर्दू असो की मराठी, कागदाचे तोंड फिरत नाही तोवर वाचणाऱ्याच्या दृष्टीने राजवट बदलत नाही.

यावर कोणी म्हणेल, मग सोपे लिहा म्हणजे झाले! इतके ते सरळ नाही. त्या बाईला जे लिहावयाचे ते जसेच्या तसे साहेबांना लिहून भागणार नाही. साहेबांना कलम हवे, आकडा हवा, मागील पत्राचा क्रमांक हवा. त्यातले काही गाळले तर तोही वाचणाऱ्याशी केलेला अन्यायच. सोपे आणि अवघड असा हा वाद नसून, समोर कोण बसला आहे आणि कागद वाचून झाल्यावर त्याला कोणते काम करावयाचे आहे, एवढाच प्रश्न आहे.

आपल्या सर्वांच्या स्मरणातले एक उदाहरण घेऊ. ऑक्टोबर २०२० मध्ये अतिवृष्टी झाली आणि या जिल्ह्यातले काढणीला आलेले सोयाबीन पाण्यात गेले. पीकविमा पुष्कळांनी उतरविला होता. पण नुकसान झाल्यापासून ७२ तासांच्या आत ते कळविले पाहिजे, अशी योजनेत अट होती; आणि तसे कळविले नाही म्हणून असंख्य शेतकऱ्यांना भरपाई नाकारण्यात आली. प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे गेले. मे २०२२ मध्ये साडेतीन लाखांहून अधिक शेतकऱ्यांच्या बाजूने निकाल लागला, आणि पुढे वाद सर्वोच्च न्यायालयातही पोचला. हे सगळे केवळ कागदाच्या भाषेमुळे घडले, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. पण साडेतीन लाख शेतकऱ्यांचे भवितव्य ज्या एका अटीवर टांगले गेले, ती अट ऐन पावसात, चिखलात उभ्या असलेल्या माणसाच्या ध्यानी राहील अशा रीतीने त्याला कोणी सांगितली होती काय, हा प्रश्न लिहिणाऱ्या प्रत्येकाने स्वतःला विचारावा असा आहे.

आता त्याच पावसाबद्दल तिघांना लिहावयाचे आहे असे समजा. पहिला कागद जिल्हाधिकाऱ्यांना. त्यांच्या मेजावर असे चाळीस कागद पडलेले असतात. म्हणून पहिल्याच ओळीत मागणी यावी. किती गावे, किती खातेदार, किती हेक्टर, पंचनामे किती झाले व किती राहिले, आणि आपल्याकडून काय हवे आहे. पावसाचे वर्णन नको. तो त्यांच्याही बंगल्यावर पडला आहे.

दुसरा कागद दुसऱ्या खात्यातील बरोबरीच्या माणसाला. त्याला गट क्रमांक, पीक, पेरा आणि नुकसानीचा दिनांक ही माहिती लागते, आणि तीही त्याच्या तक्त्यात उतरविता येईल अशा क्रमाने. येथे एक पथ्य पाळावे. "आपल्या कार्यालयाच्या दिरंगाईमुळे" असा प्रारंभ केला की, तो गृहस्थ माहिती बाजूस ठेवून प्रथम उत्तर लिहावयास बसतो. मग दोन खात्यांचा पत्रव्यवहार रंगतो आणि शेतकरी पायरीवर बसून राहतो.

तिसरा कागद शेतकऱ्याला. त्या वेळी तो असा लिहिता आला असता: "शेतात पाणी साचून पीक गेले असेल, तर आजच कळवा. तीन दिवसांनंतर कळविल्यास विम्याचे पैसे अडतील. अमुक क्रमांकावर फोन करा. फोन लागला नाही तर कृषी कार्यालयात किंवा बँकेत लेखी द्या. दिल्याची पोच घ्या आणि जपून ठेवा." पाच वाक्ये. यात कलम नाही, संदर्भ नाही. पण पाऊल कोठे टाकावयाचे ते आहे. फोन लागला नाही तर काय, हे मुद्दाम घातले आहे, कारण अडचणीच्या दिवशी फोन लागत नाही हे लिहिणाऱ्यालाही ठाऊक असते. त्या योजनेचे नियम पुढे बदलले, आणखीही बदलतील. अट बदलली की हा तिसरा कागद नव्याने लिहावा लागतो, आणि नेमका तोच लिहावयाचा राहून जातो.

आणि ज्याला वाचताच येत नाही, किंवा आपली लिपी येत नाही, त्याचे काय? तुळजापूरला नवरात्रात जाऊन पाहावे. देवीच्या दर्शनाला कर्नाटकातून, तेलंगणातून माणसे येतात. कोजागरीला सोलापूरहून पायी चालत येतात. त्या गर्दीला लांबलचक मराठी सूचनेचा काय उपयोग? तेथे बाण हवा, चित्र हवे, आकडा हवा, त्यांच्या भाषेतले दोन शब्द हवेत. तेही लेखनच आहे.

आमचा कागद साधला की फसला, हे ओळखण्याची एक युक्ती आम्ही त्या बाईकडून शिकलो, ती सांगतो. मसुदा झाला की, ज्याच्यासाठी तो लिहिला त्याच्यासारख्या एखाद्या माणसाला तो वाचून दाखवावा. मात्र "समजले का?" असे विचारू नये. आपली माणसे भिडस्त. ती "समजलं की" म्हणून मोकळी होतात. विचारावे, "आता तुम्ही काय करणार?" त्याने दिवस, ठिकाण आणि काम बरोबर सांगितले तर कागद बाहेर जाऊ द्यावा. नाही तर चूक त्याच्या समजुतीत नसून आपल्या लेखणीत आहे असे समजून पुन्हा लिहावयास बसावे.

पुढे त्या बाईच्या अपिलाचा अर्ज आम्हीच तिला लिहून दिला. ते उपकार नव्हते. आमच्याच चुकीची ती फेड होती. अर्ज लिहून झाल्यावर ती म्हणाली, "आता वाचून दावा." आम्ही वाचला. एका ठिकाणी तिने आम्हांला थांबविले आणि विचारले, "ह्ये कुणाला उद्देशून?" आम्ही म्हणालो, "हे प्रांतसाहेबांसाठी आहे, बाई." तिने मान हलविली. "मग ऱ्हाऊ द्या तसंच. त्यास्नी कळंल."

कोणता शब्द कोणासाठी, हे निरक्षर बाईला कळले. ते कळावयास आम्हांला नोकरीची कित्येक वर्षे खर्चावी लागली. उद्या सकाळी आपापल्या मेजावर बसाल तेव्हा पहिला कागद हाती घेताना त्याचे तोंड कोणाकडे आहे, एवढे एकदा पाहून घ्यावे, ही विनंती.