रोज एक फोटो



"तुझ्या फोटोंवर बोल" असं संयोजकांनी सांगितलं. मी काही फोटोग्राफर नाही. दिवसभर कोड लिहिते. कॅमेरा म्हणजे पर्समधला मोबाईल. नियम एकच, रोज एक फोटो काढायचा आणि वाईट आला तरी पुसायचा नाही. तारीख मोबाईल लावतोच.

कासारवडवली ते कापूरबावडी हा माझा रोजचा रस्ता. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये फोटो काढायला वेळच वेळ! मेट्रो ४ चे खांब एकेक करून उभे राहिले, ते रिक्षात बसूनच टिपले.

पण फोटो सलग बघताना रस्त्यापेक्षा कडेचं जास्त दिसलं. पावसाच्या तोंडावर येऊरच्या पाड्यांवरून बायका शेवळं विकायला आणतात, सोबत काकडं. एक मावशी दरवर्षी त्याच जागी बसते. तिला फोटोची प्रिंट दिली, तर तिनं स्वतःकडे पाहिलंच नाही. मागच्या झाडावर बोट ठेवून म्हणाली, "हे होतं तेव्हा सावली होती." झाड कधी गेलं, मला आठवेना. तारखा फोटोंवर होत्या.

सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे फोटो वर्षानुवर्षं काढले. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. रोज समोरून जाणारी माणसं लोकांनी थांबून पाहिली ती त्या फोटोंमुळे. त्यांचं काम कुठे, माझं कुठे!

माझ्यासाठी सगळ्यात मोलाचे तीन फोटो घरातले आहेत. ओळीनं तीन वर्षांच्या जूनमधले, तिन्हींत आई शेवळं निवडतेय. पहिल्यात जमिनीवर मांडी घालून, दुसऱ्यात पाटावर पाय सोडून, तिसऱ्यात खुर्चीवर. गुडघे दुखतात हे तिनं कधी सांगितलं नाही, आणि रोज बघणाऱ्याला ते दिसण्यासारखं नव्हतं. फोटो शेजारी-शेजारी ठेवले आणि त्याच आठवड्यात तिला डॉक्टरांकडे नेलं. "शेवळांनी माझी चहाडी केली," म्हणाली.

या जूनमध्ये निवडायला मी बसले. आतला पिवळा भाग राहिला तर घशाला खाज सुटते, म्हणून ती खुर्चीतून लक्ष ठेवून होती. त्या दिवसाचा फोटो तिनं काढलाय. त्यात माझं डोकं कापलं गेलंय, पण नियम तो नियम, पुसलेला नाही.

बाकीचे मधल्या सुट्टीत दाखवते.