खिशातली चिठ्ठी
(रात्रीच्या साक्षरता वर्गात एका जुन्या ट्रक ड्रायव्हरने केलेले भाषण)



गुरुजी म्हणाले, "वर्गातल्या तिघांना ट्रक चालवायला शिकायचे आहे. त्यांना चार शब्द सांगा." मी काही भाषण करणारा माणूस नाही. तीस वर्षे स्टेअरिंग धरले. त्यातली एक गोष्ट सांगतो.

तेव्हा मी नवा ड्रायव्हर होतो. गाडी बरी हाकायचो, पण वाचता येत नव्हते. सही तेवढी गिरवायचो. एकदा नाशिककडून कांदा भरून मुंबईला निघालो. काट्यावर गाडीचे वजन झाले. काटेवाल्याने चिठ्ठी दिली. मी ती घडी घालून खिशात टाकली. व्यापारी म्हणाला, "नऊ टन माल आहे. जा बिनघोर."

इगतपुरी सोडली की कसारा घाटाचा उतार लागतो. मी ब्रेकवर पाय ठेवला, तो काढलाच नाही. थोड्या वेळाने जळका वास आला. चाकांतून धूर निघाला. पाय दाबतोय, पण ब्रेक लागेना. पुढे माणसांनी भरलेली एस.टी. चालली होती. मी गाडी डोंगराच्या अंगाला घातली. एस.टी. वाचली. पण क्लीनरच्या बाजूचा दरवाजा चेपला आणि त्या पोराचा पाय मोडला. तो आजही लंगडत चालतो.

पोलिसांनी चिठ्ठी वाचून दाखवली. माल तेरा टन होता. ती चिठ्ठी सारा रस्ता माझ्या खिशात होती! व्यापारी खोटे बोलला, हे खरे. पण माझ्याही चुका दोन. मला वाचता येत नव्हते, तर दुसऱ्याकडून वाचून घ्यायचे. तेही केले नाही. आणि घाट उतरायची रीत पाळली नाही.

ती रीत ऐका. घाटाच्या तोंडाशीच खालचा गिअर टाका. मग इंजिनच गाडीला मागे धरते. ब्रेक अधूनमधून लावा आणि सोडा. सारखा दाबून ठेवला की तो तापतो, आणि तापलेला ब्रेक धरत नाही. डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रल करू नका. चार पैसे वाचतील, जीव जाईल.

आता चिठ्ठी कशी वाचायची? तिच्यावर तीन आकडे असतात. भरलेल्या गाडीचे वजन, रिकाम्या गाडीचे वजन आणि निव्वळ मालाचे वजन. गाडीच्या आर.सी.वर दोन वजने असतात. एक रिकाम्या गाडीचे. दुसरे, मालासकट जास्तीत जास्त किती चालेल ते. आर.सी.वर अक्षरे इंग्रजी असतात. एकदा जाणत्याकडून समजून घ्या आणि आकडे आपल्या वहीत मराठीत उतरवा. चिठ्ठीवरचे भरल्या गाडीचे वजन वहीतल्या आकड्याहून जास्त भरले, तर गाडी काढू नका. "आधी माल उतरवा," असे मालकाला सांगा. मालक रागावेल. रागावू द्या. 2019 साली कायदा कडक झाला. जादा वजनाला वीस हजार रुपये दंड ठरला आणि वरच्या दर टनाला आणखी दोन हजार. भरायला लावणारा जसा गुन्हेगार, तसाच चालवणाराही.

लायसनचे विचाराल, तर पायरी पायरीने जावे लागते. अठरा वर्षे पुरी झाली की हलक्या मोटारीचे लायसन काढा. ते हाती आल्यावर एक वर्ष जाऊ द्या. वयाची वीस वर्षे भरली पाहिजेत. मग जड गाडीचे शिकाऊ लायसन मिळते. त्यानंतर मोटार शाळेत शिकून तिचा दाखला घ्या. डॉक्टरांचाही दाखला लागतो. पूर्वी आठवी पासची अट होती. ती 2019 साली काढली. म्हणून तुमच्यासारख्या उशिरा शिकलेल्यांना वाट मोकळी झाली. पण अट गेली म्हणून अक्षराची गरज गेली, असे समजू नका. रस्त्यावरची पाटी, मालाची पावती, मालकाचा हिशेब, सगळे वाचावेच लागते.

आणि नोकरीच्या पहिल्याच दिवशी पगार किती, भत्ता किती, मोडतोड झाली तर खर्च कोणाचा, हे विचारा. लिहून घ्या. न वाचता कोणत्याही कागदावर सही करू नका.

गुरुजी, मी काट्याची एक चिठ्ठी बरोबर आणली आहे. बोला मंडळी, पहिली ओळ कोण वाचतो?